मंडळीच्या कारभाऱ्यांसाठी नेतृत्वाचा वर्ग : भायखळ्यातील एका प्रशिक्षणाचे परीक्षण

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, नेतृत्वाची जबाबदारी बहुतेकांच्या खांद्यावर कोणत्याही तयारीविना येते. पाळकसाहेब धर्मशास्त्राच्या विद्यालयात काही वर्षे शिकून आलेले असतात. परंतु पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सेक्रेटरी, खजिनदार, शब्बाथ शाळेचे (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाचे) शिक्षक, महिला मंडळाच्या अध्यक्षा आणि तरुण संघाचे पुढारी हे सर्वजण आपली नोकरी, घर आणि लोकलचा प्रवास सांभाळून ही सेवा करीत असतात, आणि वार्षिक सभेत त्यांच्या नावाला अनुमोदन मिळाले की पुढच्याच रविवारी पावतीपुस्तक किंवा हजेरीपट त्यांच्या हाती दिला जातो. अशा कार्यकर्त्यांसाठी भायखळ्यात शनिवारी दुपारी भरणारा नेतृत्व आणि व्यक्तिगत वाढ या विषयाचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्यातील काही सत्रे इतकी उपयोगी होती की ती प्रत्येक मंडळीत पोहोचावीत असे मला मनापासून वाटते, आणि काही सत्रे मुळापासून बदलण्याची गरज आहे. आयोजकांचे आणि प्रशिक्षकांचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या हरकती स्पष्ट आहेत आणि याच धर्तीचे वर्ग शहरात इतरत्रही भरतात. एखाद्या वर्गाला जावे की नाही हे ठरवताना वाचकाला उपयोग होईल तो तेथे काय शिकवले गेले आणि ते कसे शिकवले गेले, याच माहितीचा.

व्यवस्थेविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. सभागृह स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू येते, चहा-नाश्ता शुल्कातच धरलेला आहे. मात्र वर्ग वरच्या मजल्यावर असल्याने गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना जिना त्रासदायक ठरतो. शनिवार दुपारची वेळ विचारपूर्वक निवडलेली आहे, कारण रविवारी उपासनाही असते आणि मेगाब्लॉकही. सहभागी झालेल्यांत महापालिकेच्या रुग्णालयांतील परिचारिका, शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि निवृत्त मंडळी होती. काही कल्याणहून येत, काही पनवेलहून, आणि वसईकडील काही कॅथलिक बंधुभगिनीही नियमित येत असत. वेगवेगळ्या परंपरांतील माणसे एकत्र बसल्यामुळे चर्चेला जी खोली आली, ती एकाच मंडळीपुरत्या शिबिरात येणे कठीण आहे.

पहिले सत्र वेळेच्या नोंदीचे होते. मागच्या आठवड्यातील प्रत्येक दिवस कसा गेला हे तासांनुसार लिहून काढायचे आणि त्यातील झोप, प्रवास, नोकरी, कुटुंब, मंडळीचे काम आणि स्वतःचे वचनवाचन यांना वेगवेगळे रंग द्यायचे, एवढेच करायचे होते. विरार किंवा कल्याणहून रोज फोर्टला येणाऱ्या माणसाच्या कागदावर प्रवासाचा रंग किती पसरतो हे पाहिल्यावर सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, जेवायलाही सवड नसलेल्या शिष्यांना येशू एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो, त्या प्रसंगावर प्रशिक्षकांनी मनन घेतले. थकलेल्या पुढाऱ्याने आणखी थकून दाखवणे म्हणजे निष्ठा, अशी जी समजूत आपल्याकडे रुजली आहे, तिला त्यांनी शांतपणे पण ठामपणे विरोध केला. व्यक्तिगत वाढीचा विषय भारावलेल्या भाषणाने सुरू न होता प्रत्येकाच्या स्वतःच्या आठवड्यापासून सुरू झाला, हे मला फार योग्य वाटले.

तेथून बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील इथ्रोच्या सल्ल्याकडे जाणे स्वाभाविक होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा सांगतो की, अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम. हा उतारा नेतृत्वाच्या प्रत्येक शिबिरात वाचला जातो, परंतु येथे प्रशिक्षकांनी सहसा दुर्लक्षित राहणाऱ्या एकविसाव्या वचनावर अधिक वेळ दिला : ते नायक कर्तबगार, देवाचे भय बाळगणारे, विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असलेले हवेत. काम वाटून देणे आणि काम कोणाच्या तरी गळ्यात टाकणे यांतील फरक त्या अटींवरून ठरतो. मग प्रत्येक मंडळीच्या गटाने वर्षभरातील सर्व कामांची यादी करून त्यांपुढे ती प्रत्यक्ष करणाऱ्यांची नावे लिहिली, आणि बहुतेक याद्यांत तीच दोन-तीन नावे वारंवार दिसू लागली. दिवे लावण्यापासून बँकेत जाण्यापर्यंत सर्व काही करणाऱ्या व्यक्तीचे आपण वार्षिक सभेत आभार मानतो, पण तिच्या जोडीला कोणी देत नाही. ही गोष्ट कागदावर उतरल्यावर नाकारता येत नव्हती.

या वर्गाचे सर्वांत भक्कम सत्र पैशांविषयीचे होते. प्रारंभ करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायाने झाला. गरजू विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेली मोठी रक्कम पोहोचवताना कोणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून पौल मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, आणि प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही जे चांगले ते करण्याची काळजी घेतो. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नव्हती, तरीही त्याने साक्षीदार मागितला; तेव्हा ‘आमचा खजिनदार देवमाणूस आहे, त्याला कशाला हिशेब विचारायचा’ हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारले तरी ते त्या खजिनदारालाच उघड्यावर सोडणारे असते, हे प्रशिक्षकांनी पटवून दिले. त्यानंतर अगदी साध्या सवयींवर चर्चा झाली : रविवारचे दान नेहमी दोन असंबंधित व्यक्तींनी एकत्र मोजावे, त्याच जागी नोंद करून दोघांनी सह्या कराव्यात, रोकड कोणाच्याही घरी न नेता बँकेत भरावी, विशिष्ट कारणासाठी आलेली देणगी त्याच कारणासाठी खर्च करावी, आणि तिमाही जमाखर्च सूचनाफलकावर लावावा.

कायद्याचा भागही वगळला नाही, याचे विशेष कौतुक करावेसे वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झालेल्या न्यासाने दरवर्षी हिशेब तपासून घेऊन ते सादर करावे लागतात; विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो; आणि स्थावर मालमत्ता विकायची असेल, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मुंबईत जमिनीला जो भाव आहे तो पाहता मंडळीच्या आवाराकडे कोणाकोणाचे लक्ष असते हे वेगळे सांगायला नको. वर्षानुवर्षे चेंज रिपोर्ट न दिल्यामुळे दप्तरी निवर्तलेल्या माणसांचीच नावे विश्वस्त म्हणून राहतात, आणि मग एखाद्या वादाच्या वेळी मंडळीच्या बाजूने सही करायला अधिकृत असे कोणी उरत नाही. कागदपत्रांची ही निगा राखणे हे आध्यात्मिक काम आहे, असे प्रशिक्षक म्हणाले तेव्हा कोणालाही ते अतिशयोक्त वाटले नाही. वसईच्या एका भगिनीने या चर्चेत मोलाची भर घातली : कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, कलम ५३७ मध्ये, प्रत्येक पॅरिशला (स्थानिक धर्मग्रामाला) अर्थसमिती असणे बंधनकारकच केलेले आहे. आपल्या मंडळ्यांतही उपसमिती नेमण्याची मोकळीक असते. तिचा उपयोग करणे आपल्याच हाती आहे.

वादाच्या प्रसंगी पुढाऱ्याने कसे वागावे याचे सत्रही तितकेच जिवंत होते. मत्तयच्या अठराव्या अध्यायातील क्रम, म्हणजे आधी एकट्याने जाऊन बोलणे, मग एक-दोघांना सोबत नेणे आणि त्यानंतरच मंडळीपुढे गोष्ट मांडणे, हा सर्वांना पाठ होता. प्रत्यक्षात तो उलट्या दिशेने चालतो हेही सर्वांना ठाऊक होते, कारण आता तक्रार आधी व्हॉट्सअॅप गटावर पडते आणि संबंधित माणसाला ती सर्वांत शेवटी कळते. परंतु प्रशिक्षकांनी उपदेश करण्याऐवजी एक कल्पित प्रसंग अभिनयासाठी दिला. काही वर्षांची वर्गणी थकलेल्या एका कुटुंबात मयत झाली आहे, मुलगा रात्री सेक्रेटरीच्या दारात उभा आहे, त्याला सकाळी दफनविधीसाठी पाळक आणि मंडळीचे पत्र हवे आहे, आणि थकबाकी असताना पत्र देऊ नये असा कमिटीचा जुना ठराव आहे. मुंबईत दफनासाठी जागा मिळवणे मुळातच किती अवघड आहे हे ज्यांनी शिवडीच्या दफनभूमीसाठी धावपळ केली आहे त्यांना सांगावे लागत नाही, त्यामुळे हा प्रसंग कोणालाही परका वाटला नाही.

सेक्रेटरीची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी सुरुवातीला नियमाचा आधार घेतला, मुलाची भूमिका करणाऱ्या तरुणाचा आवाज चढला, आणि काही मिनिटांतच दोघेही अभिनय विसरून खरेखुरे बोलू लागले. प्रशिक्षकांनी तेथेच थांबवून सर्वांना विचारले की, या क्षणी सेक्रेटरीच्या हातात नेमके काय आहे. उत्तर हळूहळू पुढे आले : दुःखात असलेल्या माणसाला घरात बसवून पाणी देणे त्याच्या हातात आहे, पाळकसाहेबांना तत्काळ फोन करणे आणि दफन अडणार नाही हे सांगणे त्याच्या हातात आहे, आणि तो ठराव बदलण्याचा विषय पुढील सभेच्या कार्यसूचीवर लेखी स्वरूपात ठेवणेही त्याच्याच हातात आहे. दयेने वागणे आणि नियम सुधारणे ही दोन्ही कामे त्याला करायची आहेत; त्यातील पहिले केले आणि दुसरे सोडले तर पुढच्या कुटुंबाचे भवितव्य पुन्हा त्या रात्रीच्या सेक्रेटरीच्या स्वभावावर अवलंबून राहते. नेतृत्वावरील शिकवण इतक्या नेमकेपणाने एखाद्या निर्णयापर्यंत आणून ठेवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. सभेची सूचना, गणपूर्ती, कार्यसूची आणि सभावृत्त हे एरवी रुक्ष वाटणारे विषय याच प्रसंगाला जोडून शिकवले गेले, त्यामुळे त्यांचे कारण समजले आणि ते लक्षात राहिले.

मुलांच्या सुरक्षिततेविषयीचे सत्र छोटे, परंतु अत्यावश्यक होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ‘मंडळीची बदनामी होईल’ या विचाराने प्रकरण आतल्या आत मिटवणे हे बालकावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे, असे प्रशिक्षकांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. शब्बाथ शाळेच्या वर्गात किंवा सहलीत एकट्या प्रौढाच्या हवाली मुले न ठेवणे आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइनचा) क्रमांक वर्गात लावणे, या दोन गोष्टी कोणतीही मंडळी येत्या रविवारपासून करू शकते.

आता हरकतींकडे वळतो. ‘दृष्टान्त आणि ध्येय’ या नावाचे सत्र मला अतिशय निराशाजनक वाटले. पडद्यावर अमेरिकेतील अवाढव्य चर्चची छायाचित्रे दाखवून, मोठी स्वप्ने पाहण्याचे आवाहन करून, प्रत्येकाला आपल्या मंडळीचे ध्येयवाक्य लिहायला सांगण्यात आले. भाड्याच्या शाळेत रविवारी दोन तास उपासना चालवणाऱ्या उपनगरी मंडळीला किंवा गिरगाव-भायखळ्यासारख्या जुन्या वस्तीत, तरुण कुटुंबे बदलापूर-नालासोपाऱ्याकडे गेल्यामुळे रिकाम्या होत चाललेल्या मंडळीला त्या छायाचित्रांतून काय घ्यायचे होते, हे कोणी सांगितले नाही. याच विषयासाठी बायबलमधील नहेम्याचे पुस्तक हाताशी होते. नहेम्या यरुशलेमेत आल्यावर लोकांपुढे लगेच घोषणा करीत नाही. तो रात्री मोजकी माणसे घेऊन पडलेल्या तटाची स्वतः पाहणी करतो आणि मगच लोकांशी बोलतो. पुढच्या अध्यायात कोणी कोणता भाग बांधला याची नावानिशी नोंद आहे, आणि त्यातील कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग उचलला आहे. काम ऐन रंगात असताना कर्जाखाली पिचलेल्या गरिबांची ओरड कानी आली, तेव्हा तो त्यांचा प्रश्न हाती घेतो, आणि अधिपती या नात्याने मिळणारा भत्ता बारा वर्षे घेत नाही. तट ५२ दिवसांत पूर्ण झाला तो या सगळ्यामुळे. इतका उत्तम धडा समोर असताना परक्या इमारतींच्या चित्रांवर दुपार खर्ची घालणे मला पटले नाही, आणि मी ते लेखी अभिप्रायातही नोंदवले आहे.

व्यक्तिमत्त्व-चाचणीवर गेलेला वेळही वाया गेला. उत्तरपत्रिकेवरून प्रत्येकाला एका प्रकारात बसवले गेले, थोडी करमणूक झाली, आणि पुढच्या शनिवारी कोणी त्याचा उल्लेखही केला नाही. या उलट, सेवक-नेतृत्वाची कल्पना मांडताना प्रशिक्षकांनी दाखवलेला प्रामाणिकपणा आवडला. व्यवस्थापनशास्त्रात ही संज्ञा १९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या, एटी अँड टी कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या गृहस्थांच्या निबंधामुळे रूढ झाली, हे त्यांनी आधी सांगितले आणि मगच योहानच्या तेराव्या अध्यायातील पाय धुण्याच्या प्रसंगाकडे ते वळले. पुष्कळ वक्ते व्यवस्थापनातील सूत्रे जशीच्या तशी पवित्र शास्त्राच्या तोंडी घालतात. येथे तसे झाले नाही.

स्त्रियांच्या सहभागाविषयी एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. गटचर्चेत टिपणे लिहिण्याचे काम पहिल्या दिवशी प्रत्येक गटात आपोआप एखाद्या ताईंकडे गेले आणि मांडणी करायला पुरुष उभे राहिले. प्रशिक्षिकेने पुढच्या वेळेपासून ही अदलाबदल सक्तीची केली. त्यानंतर आजाऱ्यांच्या भेटी, विधवांची विचारपूस आणि घरगुती प्रार्थनासभा वर्षानुवर्षे चालवणाऱ्या महिला मंडळाच्या कार्यकर्त्या बोलू लागल्या, आणि मंडळीतील कोणत्या घरात काय चालले आहे याची सर्वांत अचूक माहिती कमिटीबाहेरच असते हे लक्षात आले.

मला सर्वांत मोठी उणीव वाटली ती उत्तराधिकाऱ्यांविषयी. हा विषय शेवटच्या सत्रात घाईने उरकला गेला. मोशेने आपला वारस यहोशवा याच्यावर हात ठेवला एवढा उल्लेख झाला. परंतु एकाच पदावर वीस-वीस वर्षे राहिलेल्या, जीव ओतून काम केलेल्या आणि म्हणूनच बाजूला होणे अवघड झालेल्या माणसाने हे पाऊल कसे उचलावे, यावर काहीच बोलणे झाले नाही. आपल्याच इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधता आले असते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावचे मुक्तिसदन वाढत गेले. आपल्यानंतर ज्या मुलीने हे काम सांभाळायचे ती मनोरमा १९२१ मध्ये वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ज्या एका व्यक्तीवर पुढची आशा होती तीच आधी गेली, तरी केडगावचे काम आजही चालू आहे. रमाबाईंनी तेथील स्त्रियांना अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंत आणि शेतीपासून अध्यापनापर्यंतची कामे शिकवून ती त्यांच्याच हाती सोपवली होती, हे त्यामागचे मोठे कारण आहे असे मला वाटते. एक वारस नेमणे आणि अनेकांना तयार करणे यांतील हा फरक मराठी कार्यकर्त्यांना कोणत्याही परदेशी उदाहरणापेक्षा लवकर उमगला असता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगती सुरू केली, तेव्हा पद आणि सेवा यांच्या नात्याविषयी त्यांनी जो प्रश्न उभा केला, तोही या सत्रात अभ्यासता आला असता. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम ज्या शहरात सुरू झाले त्या शहरात या विषयाची सामग्री कमी नाही.

शिकवणे उत्तम मराठीत झाले, पण हाती दिलेल्या टिपणांतील बराचसा मजकूर इंग्रजीत होता. ज्या ज्येष्ठ सभासदांना आणि गृहिणींना या माहितीची सर्वाधिक गरज आहे त्यांना ती टिपणे घरी नेऊन वाचता येत नाहीत. कायद्याची माहिती आणि हिशेबाचे नमुने तरी मराठीत छापलेच पाहिजेत. दुसरी गोष्ट पाठपुराव्याची. वर्ग संपताना प्रत्येकाला एक सोबती नेमून दिला होता आणि दर महिन्याला आयोजकांकडून विचारणा होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या एका फोननंतर विचारणा थांबली. माझा सोबती आणि मी मात्र आपसांत बोलतो, आणि त्याच्या मंडळीत दान मोजण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे.

या उणिवा धरूनही वर्गाची शिफारस करतो. नव्याने निवडून आलेले सेक्रेटरी, खजिनदार आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक यांना त्याचा सर्वांत अधिक लाभ होईल. अनुभवी पाळकांना पैशांचे आणि वादनिवारणाचे सत्र पुरेसे आहे. एका मंडळीतून एकट्याने न जाता निदान दोघांनी जावे, कारण परत आल्यावर कमिटीत एकट्याचा आवाज सहज विरून जातो. जाताना मागील वर्षाचे तपासलेले हिशेब, विश्वस्तांची नोंदणीकृत यादी आणि सभावृत्ताची वही यांच्या प्रती सोबत न्याव्यात. सत्रांतील सराव त्यांवरच चालतो, आणि ज्यांनी त्या आणल्या नव्हत्या त्यांना दुसऱ्यांची कागदपत्रे पाहत बसावे लागले.